धुतल्या तांदळाची साक्ष

आमचा भंडारा जिल्हा धानाचा. तलाव, बोड्या आणि बांध्या यांच्यावरच इथले पोट चालते. त्यामुळे मराठीतला 'धुतल्या तांदळासारखा' हा वाक्प्रचार आम्हाला पुस्तकात शिकावा लागला नाही. तो घरातच होता. ज्याच्यावर कसलाही डाग नाही तो माणूस धुतल्या तांदळासारखा, असा त्याचा अर्थ कोशात दिलेला असतो. पण हा वाक्प्रचार लोक प्रत्यक्षात कसा वापरतात, ते कान देऊन ऐकावे. 'तो काही धुतल्या तांदळासारखा नाही', 'मोठा आला धुतल्या तांदळाचा!' दहापैकी नऊ वेळा तो असा नकारात किंवा टोमण्यातच येतो. आणि तांदूळ धुवावा लागतो, म्हणजे आधी त्याला कोंडा आणि धूळ लागलेली होती, हेही त्या शब्दांत येऊनच जाते. माणसाला दोषातून मोकळे करणारा शब्दसुद्धा दोषाची आठवण ठेवूनच चालतो, तो असा.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात उर्दू, फळ्यावर कधी उर्दू कधी मराठी, बाहेर मैदानात हिंदी आणि झाडीबोली, असा आमचा दिवस जातो. चार भाषांत वावरणाऱ्याला एक खोड लागते. एकाच गोष्टीला चारही भाषांत काय म्हणतात, हे तो ताडून पाहू लागतो. दोषातून सुटण्याचे शब्द आम्ही असेच गोळा करत गेलो. निर्दोष, निरपराध, निष्कलंक, निष्पाप, निरागस, बेगुनाह, बेकसूर, मासूम, बरी, रिहा, दोषमुक्त, विमुक्त, क्लीन चिट. हे सगळे एकाच अर्थाचे म्हणून परीक्षेत समानार्थी शब्दांच्या रकान्यात बसतात. इतिहासात मात्र ते एका रकान्यात बसत नाहीत.

आधी दोष लागतो, मग सुटका. म्हणून दोष लागण्याच्या शब्दांकडे पाहू. मराठीत आळ 'येतो', किटाळ 'येते', बालंटही 'येते'. कुभांड मात्र कोणीतरी 'रचतो'. ठपका 'ठेवतात', तो बहुधा वरिष्ठ ठेवतात. बट्टा 'लागतो', आणि तो नुसत्या माणसाला लागत नाही, घराण्याला लागतो. जुन्या मराठीत 'तोहमत' हाही शब्द होता. तो अरबीतून फारसीमार्गे आला आणि उर्दूत आजही तोच आहे. झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, त्यामुळे आमच्या खेड्यांत आळाचा 'आर' होतो आणि तांदळाचा 'तांदूर'. उच्चार बदलला तरी आळ आल्यावर माणूस मान खाली घालतो, ते सगळीकडे सारखेच. आळ येणे ही आपोआप घडणारी गोष्ट आहे, पाऊस यावा तशी, असे या क्रियापदावरून वाटते. जाण्याचे तसे नाही. आळ घालवावा लागतो.

तो कसा घालवावा, याची एक कथा महाराष्ट्रात घरोघरी दर भाद्रपदात सांगतात. चतुर्थीचा चंद्र पाहिला म्हणून कृष्णावर स्यमंतक मणी चोरल्याचा आळ आला. कृष्ण माग काढत रानात गेला, जांबवंताच्या गुहेत पोचला, लढला आणि मणी घेऊन आला. इथवर सगळ्यांना पाठ असते. पुढचा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. मणी सापडल्यावर तो गुपचूप सत्राजिताच्या घरी नेऊन दिला नाही. यादवांच्या सभेत, सगळ्यांसमक्ष, हकीकत सांगून दिला. कुजबुज गावभर झाली होती, म्हणून उलगडाही भरसभेत झाला. आळ ऐकणारे कान आणि खुलासा ऐकणारे कान एकच असले पाहिजेत, ही समज त्या कथेत आहे.

मराठ्यांच्या राज्यातली न्यायाची कागदपत्रे वाचली तर हीच समज व्यवहारात दिसते. तंटा वतनाचा असो की चोरीच्या आळाचा, तो गोतासमोर यायचा. गोत म्हणजे नुसते नातलग नव्हेत. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, आसपासच्या गावचे जाणते असे सगळे त्यात बसत. बलुतेदारांत गावचा मुलाणाही असे. निकालाचा जो कागद होई त्याला 'महजर' म्हणत. शब्द अरबी, 'हुजूर' आणि 'हजर' यांच्याच घरातला. जिथे सगळे हजर होते तो महजर. हजर असलेल्यांची नावे त्यावर लिहिलेली असत. अक्षर न येणारे आपापली निशाणी करीत, कुणब्याचा नांगर, सुताराचे किंवा लोहाराचे हत्यार. म्हणजे एखादा खरा ठरला हे कोणी एकट्याने ठरवले नाही, आम्ही सगळ्यांनी पाहिले, अशी ती साक्ष होती.

साक्षी-पुराव्याने निवाडा होईना तेव्हा दिव्य असे. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, याला 'रवा' काढणे म्हणत. हात बांधून, मोहोर करून ठेवत आणि ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर सोडून पाहत. भाजल्याची खूण नसेल तर तो माणूस 'खरा झाला', असेल तर 'खोटा झाला'. हा न्याय होता असे आम्ही म्हणणार नाही. तापल्या तेलाला सत्य कळत नाही. पण शब्द पाहा. तेव्हाचा मराठी माणूस आळातून सुटला तर 'सुटला' नव्हता, 'खरा झाला' होता. 'निर्दोष' या शब्दात आधी 'दोष' आहे आणि मग त्याचा नकार आहे. 'खरा' या शब्दात दोषाला जागाच नाही.

तंटा हरणाऱ्याला 'यजितखत' लिहून द्यावे लागे, म्हणजे मी हरलो, माझा दावा खोटा, असे स्वतःच्या हातचे पत्र. जिंकणाऱ्याच्या हाती 'जयपत्र' येई. दोषातून मोकळे होण्याची याहून पक्की पावती आम्हाला माहीत नाही, कारण ती खुद्द आरोप करणाऱ्याने लिहिलेली असे. त्या न्यायाला दुसरी बाजूही होती. हरणाऱ्याकडून सरकार 'गुन्हेगारी' घेई आणि जिंकणाऱ्याकडून 'हरकी'. म्हणजे खरे ठरण्याचेही पैसे पडत. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात या दोन्ही पट्ट्यांची दखल घेतली आहे. आज 'गुन्हेगारी' हा शब्द दंड या अर्थाने कोणालाच ठाऊक नाही, आणि हरकी तर शब्दासकट गेली. खरे ठरण्याचा खर्च मात्र राहिला. कोर्टाच्या तारखांना एसटीने जाणाऱ्या कोणालाही तो विचारावा.

इथे भाषेची एक मौज सांगितली पाहिजे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि दरबारातल्या सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पुढे भाषाशुद्धीची चळवळही झाली. तरी आज पोलीस ठाण्यातून कोर्टापर्यंतचा मराठी माणसाचा प्रवास बघा. 'फिर्याद', 'गुन्हा', 'जामीन', 'कैद', 'वकील', 'हजर', 'तारीख' हे सगळे आमच्या उर्दूचे सख्खे भाऊ. 'तुरुंग' पोर्तुगिजांकडून आला असे सांगतात. सुटकेच्या दारापाशी पोचताच भाषा एकदम सोवळे नेसते आणि 'निर्दोष मुक्तता' म्हणते. 'गुन्हेगार' मराठीने पूर्ण आपला केला, इतका की तो बाहेरचा आहे हे सांगावे लागते. त्याच्याच जोडीचा 'बेगुनाह' मात्र उंबरठ्याबाहेरच उभा राहिला. मराठी लिहिणारा तिथे 'निरपराध' लिहितो. यात कोणाचा डाव होता असे आम्हाला वाटत नाही. भाषा अशीच जमेल ते घेत जाते. पण गुन्ह्याचा शब्द घेतला आणि बेगुनाहीचा राहिला, हे आमच्या मुलांना सांगताना क्षणभर थांबावेसे वाटते.

उर्दूत कोर्टातून सुटणाऱ्याला 'बरी' म्हणतात. मराठीच्या तासाला यावरून दरवर्षी गोंधळ होतो. मराठीत 'ती आता बरी आहे' म्हणजे तिचा ताप उतरला. उर्दूत 'वह बरी है' म्हणजे तिच्यावर दोष नाही. मराठीतल्या 'बरा'चे नाते संस्कृत 'वर'शी जोडतात, आणि उर्दूतला 'बरी' अरबीतल्या बे-रे-हमजा या धातूपासून आला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गंमत अशी, की या अरबी धातूचा एक अर्थ आजारातून उठणे असाही आहे. दोन परके शब्द वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच खाटेपाशी भेटले. याच धातूतून 'बराअत' झाला.

कुरआनात हा धातू महत्त्वाच्या ठिकाणी येतो. हजरत यूसुफ यांच्यावर अजीजच्या बायकोने आळ घेतला. सदरा मागून फाटला होता, म्हणजे ते पळत होते हे उघड होते. तरी त्यांना कैदेत टाकले गेले आणि ते काही वर्षे तिथेच राहिले. पुढे बादशहाला स्वप्नाचा अर्थ हवा होता म्हणून सुटकेचा निरोप आला. दुसरा कोणी असता तर धावत निघाला असता. हजरत यूसुफ यांनी निरोप्याला परत पाठवले. आधी त्या बायकांचे काय ते विचारा, म्हणाले. चौकशी झाली, बायकांनी साक्ष दिली, अजीजच्या बायकोने कबूल केले, आणि मगच ते बाहेर आले. त्यांना रिहाई मिळत होती, त्यांनी बराअत मागितली. या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे शिकवायला याहून चांगला धडा आम्हाला मिळालेला नाही. शिवाय याच सूरतीत, लगेच पुढच्या एका आयतीत, मी माझ्या नफ्सला बरी म्हणत नाही अशा अर्थाचे बोल येतात. ते हजरत यूसुफ यांचे की त्या बाईचे, यावर मुफस्सिरांत मतभेद आहे. कोणाचेही असोत, माणसांच्या आरोपातून सुटणे वेगळे आणि मनाने स्वतःला निर्दोष ठरवणे वेगळे, एवढा फरक तिथे केलेला आहे.

दुसरा प्रसंग इफ्कचा. हजरत आयशा काफिल्याच्या मागे राहिल्या, एका सहाबींनी त्यांना सुखरूप आणले, आणि मदिन्यात कुजबुज सुरू झाली. सुमारे महिनाभर ती चालली. अखेर सूरह नूरच्या आयतींनी त्यांची पाकी जाहीर झाली. तिथे या धातूचाच शब्द आहे, 'मुबर्रऊन'. आणि त्याच सूरतीत पाकदामन स्त्रीवर आळ घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटके आणि पुढे त्याची साक्ष कायमची बाद, असा हुकूम आहे. म्हणजे आळ आलेली व्यक्ती नुसती मोकळी झाली नाही. आळ घेणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाची किंमत गेली. मराठ्यांच्या यजितखताशी याचे नाते कोणी जोडू नये, काळ आणि मुलूख वेगळे आहेत. पण दोन्हीकडे आरोप करणाऱ्याला काहीतरी भरावे लागले, एवढे दिसते.

'मासूम' या शब्दाचीही थोडी चौकशी करू. मूळ अर्थ 'राखलेला', गुनाहापासून ज्याला अल्लाहने राखले तो. म्हणून तो नबींसाठी येतो. आज तो लहान मुलासाठी आणि सिनेमातल्या नायिकेच्या चेहऱ्यासाठी वापरतात. मराठीतल्या 'निरागस'ची हीच गत झाली. संस्कृतात 'आगस्' म्हणजे अपराध, तेव्हा निरागस हा मुळात अगदी कोर्टात शोभेल असा शब्द. आता तो बाळाच्या हसण्यापुरता उरला. निरागस म्हणून कोर्टाने कोणाला सोडल्याचे आम्ही वाचलेले नाही.

इंग्रज आले आणि सुटकेचा कागद वेगळा झाला. 'चिट' हा शब्द त्यांनी आपल्याच 'चिठ्ठी'वरून उचलला. साहेबाचा खानसामा नोकरी सोडून निघाला की साहेब त्याला वागणुकीची चिठ्ठी देई, आणि ती दाखवून तो दुसऱ्या बंगल्यावर लागे. आजच्या 'क्लीन चिट'मध्ये त्या बंगल्याची हवा अजून आहे. ती कोर्ट देत नाही. समिती देते, खाते देते, कधी पक्षच देतो. वरचा खालच्याला देतो. आणि ती बहुधा ज्याला मिळते, त्याला दुसऱ्या बंगल्याची घाई असते.

इंग्रजांनी यापेक्षा मोठे काम १८७१ मध्ये केले. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याने आळ माणसावर न घेता जातीवर घेता येऊ लागला. मूल जन्मले की गुन्हेगार. हजेरी, वस्त्या, तारेची कुंपणे. अशा माणसाने निर्दोष कसे ठरावे? त्याच्यावर कोणता विशिष्ट आरोपच नव्हता, मग तो खोटा कसा ठरवणार? स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि या जमातींसाठी 'विमुक्त' हा शब्द आला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत, त्यांच्यात मुसलमानही आहेत. खोटी नाणी पाडणारे म्हणून इंग्रजी दफ्तरात त्यांची नोंद होती. कैकाडी समाज विदर्भात, आमच्या भंडाऱ्यातही, अनुसूचित जातीत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकाच समाजाच्या कपाळी कोणता शिक्का यावा, हे जुन्या प्रांतांच्या सीमांनी ठरवले. 'विमुक्त' म्हणजे सोडलेले. 'तुम्ही मुळात तसे नव्हताच' असे तो शब्द म्हणत नाही. आणि पाठोपाठ १९५९ चा मुंबईचा सराईत गुन्हेगार कायदा आलाच. 'सराईत' हा शब्द तर अजून रोज वर्तमानपत्रात भेटतो.

आता आजच्या कोर्टाकडे येऊ. इथे निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हींना 'सुटला' म्हणतात. पहिली जामीन. तो दोषाबद्दल काहीच सांगत नाही. दुसरी, खटला चालण्यापूर्वीच, आरोप ठेवण्याइतकेही काही दिसत नाही म्हणून सोडणे. कायद्याच्या मराठी पाठात याला 'विनादोषारोप सोडणे' म्हणतात. तिसरी, पूर्ण खटला चालून सुटणे. तिला कायद्याच्या मराठीत 'दोषमुक्ती' आणि वर्तमानपत्री मराठीत 'निर्दोष मुक्तता' म्हणतात. गोंधळ इतका, की दुसऱ्या प्रकारालाही वर्तमानपत्रे सर्रास 'दोषमुक्त' लिहितात. मग 'संशयाचा फायदा' हा आणखी एक शेपूट. ऐकणाऱ्याला त्यातला 'संशय' ऐकू येतो आणि 'फायदा'ही. दोन्ही शब्द सुटलेल्याला बाधतात.

आणि 'बाइज्जत बरी'? हिंदी सिनेमाने तो घरोघरी पोचवला. सिनेमातला जज्ज 'मुलजिम'ला बाइज्जत बरी करतो. मुलजिम म्हणजे ज्याच्यावर इल्जाम आहे तो, आणि 'मुजरिम' म्हणजे ज्याचा जुर्म शाबीत झाला तो. निदान हा फरक तरी सिनेमाने जपला, यासाठी त्याचे आभार. पण कायद्यात 'बाइज्जत' नाही. २०१२ मध्ये तामिळनाडूच्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टच सांगितले, की सन्मानपूर्वक मुक्तता, निष्कलंक सुटका हे शब्दप्रयोग फौजदारी प्रक्रिया संहितेला माहीत नाहीत. ते न्यायालयांच्या बोलण्यातून आले. साक्षीदार फिरले म्हणून तो शिपाई कोर्टातून सुटला होता, तरी खात्याने केलेली बडतर्फी न्यायालयाने कायम ठेवली. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिनेही 'बाइज्जत'ला जागा दिली नाही. स्कॉटलंडमध्ये तर शतकानुशतके दोषी, निर्दोष आणि 'शाबीत नाही' असे तीन निकाल होते. तिसरा निकाल मिळालेला माणूस घरी जायचा, पण शेजाऱ्यांच्या नजरेत अर्धाच. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने तो निकाल काढून टाकणारा कायदा मंजूर केला. आपल्याकडे असा निकाल कायद्यात कधी नव्हता. लोकांच्या बोलण्यात तो आहेच.

भंडाऱ्यात राहून या शब्दांवर लिहिताना खैरलांजी टाळून पुढे जाणे आम्हाला जमणार नाही. मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना मारून टाकले. कुटुंब दलित होते. खटला भंडाऱ्यात चालला. १५ सप्टेंबर २००८ रोजी निकाल आला. अकरा आरोपींपैकी आठ दोषी, तीन निर्दोष. नंतर सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली गेली. २०१० च्या जुलैत नागपूर खंडपीठाने ती शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. पण त्या निकालात आणखी एक मुक्तता होती. खुनासाठी जे दोषी ठरले, तेच अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलमांतून, कटाच्या कलमातून आणि विनयभंगाच्या कलमातून सुटले. कृत्यामागे आधीच्या एका प्रकरणाचा सूड होता, जात नव्हे, असे न्यायालयाने धरले आणि उच्च न्यायालयानेही तेच धरले.

हा निकाल लोकांच्या तोंडी कसा गेला, त्यावर आमचा आक्षेप आहे. 'ॲट्रॉसिटीतून सुटले' असे बोलले गेले. मग 'जातीचा प्रश्नच नव्हता' असे. मग, 'गावाला उगाच बदनाम केले' असे. कलम शाबीत झाले नाही या तांत्रिक वाक्याचा चार तोंडांतून जाताजाता एका संपूर्ण गावाच्या धुतल्या तांदळात बदल झाला. कोर्टाने गावाला असा कागद दिला नव्हता. ते त्याच्यापुढचे कामच नव्हते. आणि ज्या एका माणसाचे सगळे घर गेले, त्या कुटुंबप्रमुखाने जातीच्या कलमासाठी वर्षानुवर्षे दाद मागितली आणि २०१७ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. त्यांच्यासाठी भाषेत कोणता शब्द होता? दोषातून सुटणाऱ्यासाठी आपल्याकडे डझनभर शब्द आहेत. ज्याचे म्हणणे अर्धेच ऐकले गेले, त्याच्यासाठी एकही नाही.

त्याच २००६ साली महाराष्ट्रात आणखी दोन मोठे गुन्हे घडले. ११ जुलैला मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट होऊन १८० हून जास्त माणसे गेली, आणि ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात कब्रस्तानापाशी स्फोट झाले. बराअतच्या रात्रीसाठी पूर्वजांच्या कबरींवर आलेली माणसे त्यात गेली. मालेगाव प्रकरणात नऊ मुसलमान पकडले गेले. पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना खटल्याआधीच आरोपातून मोकळे केले. नऊपैकी एकजण तोवर हयात नव्हता. म्हणजे ही वर सांगितलेली दुसऱ्या प्रकारची सुटका. 'आरोप ठेवण्याइतकेही काही नाही' हे कळायला साडेनऊ वर्षे लागली.

मुंबईच्या प्रकरणात तेरा जणांवर खटला चालला. २०१५ च्या सप्टेंबरात बारा दोषी ठरले आणि एक सुटला. सुटलेला अब्दुल वाहिद शेख हा शाळामास्तर. नऊ वर्षे आत काढून बाहेर आल्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'बेगुनाह कैदी'. हे नाव आम्ही पुष्कळ वेळा मनात घोळवले आहे. 'बरी' हा शब्द कोर्टाने त्यांना दिलाच होता. पण बरी होण्यासाठी आधी कोर्टात जावे लागते. बेगुनाह माणूस पहिल्या दिवसापासूनच असतो, निकालापूर्वीही. दोन शब्द शेजारी ठेवून त्यांनी नऊ वर्षांचा हिशेब नावातच मांडला, असे आम्हाला वाटते. आमच्यासारखाच खडू हातात धरणारा माणूस म्हणून आम्ही थोडे पक्षपाती असू.

उरलेल्या बारांचे अपील २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकालात काढले. सरकार पक्ष आरोप शाबीत करण्यात पूर्ण अपयशी ठरला म्हणून सगळे निर्दोष. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, सुटलेल्यांनी मात्र परत तुरुंगात जायचे कारण नाही. पुढच्या आठवड्यात, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी संशयाच्या फायद्यावर सुटले. दहा-अकरा दिवसांत दोन निकाल, दोन्हीकडे शब्द तोच, निर्दोष मुक्तता. लोकांनी मात्र तो दोन तऱ्हांनी उच्चारला. ज्याला जे आरोपी आपले वाटले ते त्याच्या तोंडी 'निर्दोष' होते आणि दुसरे 'पुराव्याअभावी सुटलेले'. हे दोन्ही बाजूंनी झाले, आमच्या माणसांनीही केले. स्फोटांत ज्यांची माणसे गेली त्यांनी विचारले, मग हे केले कोणी? त्यांना कोणत्याही भाषेतून उत्तर मिळाले नाही.

चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई देणारा कायदा हवा, असे विधी आयोगाने २०१८ च्या अहवालात सुचवले होते. हा २७७ वा अहवाल. असा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही. पकडल्याची बातमी पहिल्या पानावर छायाचित्रासह येते आणि सुटल्याची आत, जाहिरातीच्या खाली. सभा एक, खुलासा दुसऱ्याच सभेत.

मुंबईच्या त्या बारांपैकी एकजण हा निकाल ऐकायला नव्हता. फाशीची शिक्षा झालेला तो कैदी नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात होता, आमच्या भंडाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर. २०२१ मध्ये कोरोनाने तो गेला. चार वर्षांनी उच्च न्यायालयाने ज्यांना निर्दोष म्हटले त्यांत तोही होता. आमच्या इथे घरच्या माणसाची मय्यत झाली की ओळखीपाळखीचे विचारतात, काय झाले होते? २०२१ मध्ये त्याच्या घरच्यांनी या प्रश्नाला काय उत्तर दिले असेल, आणि २०२५ च्या जुलैनंतर कोणी तो पुन्हा विचारायला गेले असेल का?